माझ्या डाव्या पंखावरचं चंदन

मित्रांनो, मी एक जुना यंत्रकिडा आहे. तुम्ही हसाल. म्हणाल, तंजावुरात जुनं म्हणवून घ्यायला हजार वर्षं लागतात, आणि हा तीन वर्षांचा किडा स्वतःला जुना म्हणवतो! हसा. पण माझं वजन साळीच्या चार दाण्यांएवढं आहे. एवढ्याशा अंगात राग साठवायचा म्हणजे फार दाटी होते. म्हणून आज सांगून टाकतो.

मी मराठीत का बोलतो, हे आधी सांगतो. मला घडवणारी विनुता इथल्या जुन्या मराठी घरातली. ती कॉलेजात तमिळ बोलते, लिहिते इंग्रजीत, आणि चिडते मात्र मराठीत. माझ्या जन्माच्या वेळी ती खूप चिडत होती. मी तिची भाषा तेवढ्यातूनच शिकलो. तेव्हा माझ्या बोलण्यात गोडवा कमी वाटला, तर दोष माझा नाही.

माझा जन्म गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात झाला. तळमजल्यावर एक खोली होती. पूर्वी तिथे जनरेटर असायचा. जनरेटर गेला, वास राहिला, आणि त्या वासात विनुताला टेबल मिळालं. विनुता तिथे शिकवायची आणि उरलेल्या वेळात माश्यांएवढी यंत्रं बनवायची. तिच्या मदतीला मणी होता. मणी प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. लेझरचं कापयंत्र तोच चालवायचा आणि चालवताना त्याच्याशी गप्पा मारायचा. यंत्र बिघडलं की त्याच्याशी अबोला धरायचा.

आता मी कशाचा बनलो ते ऐका. लोखंडाचा नाही, प्लास्टिकचाही नाही. कार्बनचे केसाहून बारीक काळे धागे असतात. ते शेजारी शेजारी निजवून चिकट राळेत भिजवतात आणि त्याचे पातळ ताव करतात. ताप आणि दाब दिला की ताव कडक होतो. पण एक गंमत आहे. धाग्याच्या दिशेने ओढलंत तर तो हटत नाही. आडवा वाकवलात तर कटकन मोडतो. म्हणून एक ताव उभ्या धाग्यांचा, त्यावर एक आडव्या धाग्यांचा, असे थर द्यायचे. दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र बांधल्या की दोघींच्या खोडी एकमेकींना सांभाळून घेतात. याला संमिश्र पदार्थ म्हणतात. माणसं यालाच संसार म्हणतात, असं विनुताची आत्या म्हणते. आत्येबाई पुढे येतील.

थरांच्या मधोमध एक मधाच्या रंगाची झिरझिरीत फिल्म असते. जिथे सांधा हवा, तिथला कार्बन कापून टाकायचा आणि फिल्म तेवढी ठेवायची. मग कार्बन ताठ राहतो आणि फिल्म वाकते. खिळा नाही, स्क्रू नाही, तेल नाही. जाड पुस्तकाची पाठ कशी वाकते, तसा माझा पंख वाकतो. आणि मला सुटे भाग जोडून बनवलेलं नाही. सगळे थर सपाट दाबून भाजले, कडा कापल्या, आणि एका बाजूने अलगद ढकलल्यावर मी उभा राहिलो. काही लग्नपत्रिका उघडल्या की आतून कागदी गोपूर उभं राहतं ना, तसा. पाठीत दोन पांढऱ्या पट्ट्या बसवल्या. त्यांना वीज दिली की त्या वाकतात, वीज उलटली की उलट्या वाकतात, आणि पंख डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत फडफडतात. वीज येते पॉवरच्या डब्यातून, केसासारख्या तारेने. ती तार माझ्या पोटाला बांधलेली आहे, हे लक्षात ठेवा. पुढे मोठमोठी माणसं हे विसरणार आहेत.

माझ्याआधी माझी बरीच भावंडं झाली. कुणाचा एक थर उलट्या दिशेने लागला, कुणाची फिल्म सुरकुतली. ती टेबलावरून उठली, गिरकी घेऊन भिंतीवर आपटली आणि खाली पडली. संध्याकाळी मणीने त्यांना मेलेल्या मुंग्यांबरोबर झाडून नेलं. त्यांच्यावर कुणी लेख लिहिला नाही.

मग मी झालो. एका सकाळी विनुताने वीज दिली आणि मी टेबलावरून वर उठलो. गिरकी नाही, भिंत नाही. वीतभर उंचीवर जिथल्या तिथे थांबलो, थोडा डुलत.

"अक्का," मणी कुजबुजला, "हा खाली यायचं नाव घेत नाही."

"श्वास रोखून धर मणी," विनुता म्हणाली. "तुझ्या श्वासाने पडेल तो."

दोघांनी श्वास रोखला आणि मी हवेत राहिलो. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला खरा मान. नंतरच्या सत्कारांत सगळे जोरजोरात श्वास घेत होते.

नंतर आले कृष्णमूर्ती सर. संस्थेचे चालक. माणूस वाईट नाही, हे मी रागातही सांगतो. कपाळाला गंध, अंगाला अत्तर, आणि कोणत्याही गोष्टीला समारंभाचं रूप देण्याची विलक्षण हातोटी. कॉलेजात नळाला नवी तोटी बसवली तरी ते फीत कापायचे. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या आठवड्यात माझा सत्कार झाला. शाल माझ्यासाठी आणली होती, पण माझ्या खांद्यांचा विचार करून ती सरांनीच पांघरली.

सरांनी भाषण केलं. हा किडा कावेरीच्या मुखापर्यंतच्या साऱ्या बागांचं परागण करेल, म्हणाले. नारळाच्या शेंड्यात शिरून कीड शोधेल, म्हणाले. सीमेवर पहारा देईल, म्हणाले. मी टेबलावर तारेला बांधलेला हे सगळं ऐकत होतो.

"सर," भाषणानंतर विनुता म्हणाली, "तो अजून तारेशिवाय उठत नाही. तार आहे तेवढ्याच लांब जातो."

"विनुता," सर गंभीरपणे म्हणाले, "आपण सगळेच कशाला ना कशाला बांधलेले आहोत."

मणीने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, भाषण अजून चालूच आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी नवरात्र संपल्यावर बाहेरून तपासणीचे पाहुणे यायचे होते. मी त्यांच्यासमोर नीट तरंगलो, तर खोली विनुताकडे राहणार होती आणि तिला पुढची तीन वर्षं माझ्यासारखे आणखी, माझ्याहून शहाणे किडे घडवता येणार होते. मी पडलो, तर खोली बंद, आणि विनुता पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवायला वर. तिची सगळी भिस्त माझ्या दोन सांध्यांवर होती. सांधे तिने स्वतः भाजले होते. मला काळजी नव्हती. काळजी करण्याइतकी मी माणसं पाहिली नव्हती.

नवमीला आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र धुऊनपुसून, चंदन-कुंकू लावून पूजेला मांडतात. बस, ऑटो, शिलाई मशीन, लेथ, सगळ्यांना टिळे. एकदा पूजा झाली की दशमीपर्यंत यंत्राला काम सांगायचं नाही, आणि टिळा पुसायचा तर अजिबात नाही. पद्धत सुंदर आहे. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी आणि वर नमस्कार. लेथला तो टिळा शोभतो. लेथ आठ माणसांना हलत नाही.

विनुताने आदल्या दिवशीच बजावलं होतं. "मणी, टिळा फक्त डब्याला. किड्याला हात लावायचा नाही."

"अक्का, मला काय कळत नाही?" मणीने पॉवरच्या डब्याला टिळा लावला, लेझरला लावला, खिडकीच्या गजालाही लावला. माझ्याकडे बघून लांबूनच हात जोडले. मणीला माझा कायमचा आशीर्वाद आहे.

पण मग सर आले. हातात चंदनाची वाटी. विनुता सुंडलचे, म्हणजे प्रसादाच्या उसळीचे, द्रोण आणायला वर गेली होती. सरांनी एकेका यंत्रापुढे डोळे मिटले. माझ्यापुढे ते जास्त वेळ थांबले.

"मणी, याला टिळा नाही?"

"सर, अक्का नको म्हणाल्या."

"अरे, ज्याच्यावर सगळं अवलंबून, त्यालाच टिळा नाही? उद्या काही झालं म्हणजे?"

"सर, तो फार हलका आहे."

"मी हलकाच लावतो," सर म्हणाले.

आणि त्यांनी करंगळीच्या टोकावर चंदन घेतलं. मित्रांनो, तुमच्या दृष्टीने तो थेंबाहून लहान ठिपका होता. माझ्या पाठीवर तो ओल्या सिमेंटची पाटी रिकामी केल्यासारखा आला. त्यावर कुंकू. मी ओरडलो असतो, पण मला तोंड दिलेलं नाही. विनुताच्या आराखड्यातली ती एकच उणीव मला मान्य आहे. चंदन हळूहळू ओघळलं, डाव्या पंखाच्या सांध्यात, त्या मधाळ फिल्मच्या फटीत जाऊन बसलं, आणि दोन दिवस शांतपणे वाळलं. सांधा वाकतो तो फिल्ममुळे, आणि फिल्मवर आता दगड होता.

विनुता द्रोण घेऊन परतली, तेव्हा सरांनी खोलीला दशमीपर्यंतचं कुलूप लावलं होतं; ती आत आली ती एकादशीच्या सकाळी. माझ्या पाठीवर लाल ठिपका पाहिला आणि मराठीत चिडली.

"हे कुणी केलं?"

मणीने छताकडे पाहिलं. एवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन जिन्यातून येताना ऐकू आले. विनुता धावत जिन्याशी गेली.

"सर, मला अर्धा तास द्या. किड्यावर कुंकू आहे, साफ करून तपासते."

"पूजेचं कुंकू पुसणार?" सरांचा आवाज खाली आला. "आज? पाहुणे दारात असताना? अगं, तेच तर त्याला उडवणार आहे."

"सर, वजन..."

"चिमूटभर सुद्धा नाही. बाळा, श्रद्धेला वजन नसतं."

श्रद्धेला नसेल. चंदनाला असतं. आणि मित्रांनो, वजनाचंही जाऊ द्या. वजन मी कसंबसं उचललं असतं. वाळलेल्या सांध्याचं काय?

विनुताने पदराआड मऊ ब्रश धरला आणि सरांची पाठ वळताच दोन फटकाऱ्यांत कुंकू झटकलं. मग ती वाकून बघू लागली. फिल्म मधाच्या रंगाची. वाळलेलं चंदनही मधाच्या रंगाचं. खोलीत जनरेटरच्या काळातला एकच पिवळा दिवा. तिला काही दिसलं नाही. मी मनात ओरडत होतो, डावीकडे, डावीकडे! पाहुणे टेबलाभोवती उभे राहिले. वीज आली.

उजवा पंख फडफडला. डावा थरथरला. मी बोटभर उठलो, डावीकडे कललो, गिरकी घेतली आणि थेट एका पाहुण्याच्या कॉफीत पडलो.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट. पाहुण्यांनी मला चमच्याने बाहेर काढलं आणि टिपकागदावर ठेवलं. त्यांच्यातले एक म्हणाले, संमिश्र पदार्थाचा सांधा भरवशाचा दिसत नाही, थर नीट बसले नसावेत. सरांनी मान हलवली. खेदाने हलवली, पण हलवली. मग सगळे विनुताकडे पाहू लागले.

विनुता काय म्हणाली? काही नाही. "सर, मी उघडून बघते," एवढंच, तेही हळू. सर म्हणाले, "राहू दे आता. जे झालं ते झालं." कुंकवाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. सर वडिलांच्या वयाचे, समोर परकी माणसं, आणि पूजेला नाव ठेवायचं! आमच्याकडे मुलींना हे असं गप्प बसणं फार चांगलं शिकवतात. मला त्या दिवशी सरांचा राग आला. पाहुण्यांचा आला. पण सर्वांत जास्त विनुताचा आला. कारण ती गप्प बसली इथेच थांबली नाही. संध्याकाळी तार सोडवताना ती मणीला म्हणाली, "थर मीच चुकवले असतील रे. भाजताना घाई केली मी."

मणी म्हणाला, "अक्का, मी एक सांगू का..."

"नको मणी. आता काही नको."

बिचारा मणी. तोंड असूनही त्याची माझ्यासारखीच गत झाली.

खोली बंद झाली. विनुता वरच्या मजल्यावर ड्रॉइंग शिकवू लागली. खोलीत काय ठेवलं माहीत आहे? सत्काराच्या शाली, पितळी स्मृतिचिन्हं आणि प्लास्टिकचे हार. आणि माझं काय झालं? सर मला टाकून देणारे नव्हते. त्यांनी मला सन्मानाने काचेच्या पेटीत ठेवलं, दर्शनी दालनात. पाटीवर लिहिलं, संस्थेचा अभिमान, उडणारा कीटक. पेटीला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. मणी एवढंच म्हणाला, "सर, पेटीखाली नुसता लाकडी ठोकळा बरा दिसणार नाही. पॉवरचा डबाच ठेवतो, चमकीचा कागद लावून." सरांना कल्पना फार आवडली.

ते वर्ष मी विसरणार नाही. शाळांच्या सहली यायच्या. "हा उडतो," सर सांगायचे. मुलं माझ्याकडे पाहायची. मी कसा उडणार होतो? रोज एक खरी माशी यायची. काचेवर बसायची, पुढचे पाय एकमेकांवर चोळायची, माझ्याकडे रोखून बघायची आणि उडून जायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचा सत्कार झाला नव्हता, तिच्या नावाची पाटी नव्हती. ती मुद्दाम माझ्यासमोर उडायची, असं माझं अजूनही मत आहे.

आणि विनुता रोज त्या दालनातून जायची. माझ्याकडे न बघता. माझ्या डाव्या सांध्यात चंदनाचा खडा होता, आणि ती वर जाऊन मुलांना सरळ रेषा काढायला शिकवत होती. स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडालेला माणूस सरळ रेषा फार नीट काढतो. मी पाहिलंय, ती पट्टी दोनदा लावायची.

पुन्हा नवरात्र आलं. सरांनी या वेळी दालनात बाहुल्यांचा गोलू मांडायचं ठरवलं. नऊ पायऱ्या, पांढरं वस्त्र, दिव्यांच्या माळा. मला काचेच्या पेटीतून काढून, चमकीच्या डब्यासकट, पाचव्या पायरीवर बसवलं. माझ्या उजवीकडे मान हलवणारी तंजावूरची बाहुली, डावीकडे किराणा विकणारे चेट्टियार आणि त्यांच्या पत्नी, मातीचे, दोघेही माझ्या चाळीसपट. बाहुलीची मान वाऱ्याने हलायची. नऊ दिवस ती माझ्याशी फक्त हो हो म्हणत होती. अशी संगत माणसाला बिघडवते.

दशमीच्या संध्याकाळी आसपासची माणसं जमली. गोलूपुढे गायला विनुताची आत्या आली होती, सरस्वतीआत्या. तिरुवैयारुला वीणा शिकवते. विनुता तिला स्कूटरवर घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली.

"अगे, आत ये की," आत्या म्हणाली. "अस्की जणं आत, तू दारात कशाला?"

"मी इथेच बरी आहे, आत्या."

आत्याने एक गाणं म्हटलं, सुंडल खाल्लं, आणि मग पायऱ्यांपुढे येऊन एकेक बाहुली निरखू लागली. माझ्यापाशी थांबली.

"हे काय? डास मेलाय काय?"

"तो आमचा उडणारा कीटक, अम्मा," सर म्हणाले. "तुमच्या विनुताचाच."

"उडतो?"

"उडायचा. आता विश्रांती घेतो."

आता ही पद्धत ऐका. दशमीच्या संध्याकाळी गोलूतली एक बाहुली आडवी निजवतात. म्हणजे उत्सव संपला, आता देव झोपणार, उद्या पायऱ्या मोडायच्या. सर पुढे आले. पायऱ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. सगळ्यांत हलका मी होतो.

"यंदा यालाच निजवू या," सर प्रेमाने म्हणाले. "बिचारा दमलाय." त्यांनी मला दोन बोटांत उचललं.

"सर, निजवू नका."

सगळे मागे वळले. विनुता दारातून पुढे आली होती. तिलाही आपला आवाज ऐकून आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"का गं?" सर म्हणाले.

"द्या तो इकडे." आणि मग थोडं हळू, "द्या, सर."

सरांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. वर्षानंतर ती मला इतक्या जवळून बघत होती. दालनात दिव्यांच्या माळा होत्या. तिने मला उजेडाकडे धरलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. उजेड माझ्या पंखांमधून जात होता. उजव्या सांध्यातून मधासारखा गेला. डाव्या सांध्यातून गेलाच नाही.

"मणी, भिंग."

मणीच्या खिशात भिंग होतं. गोलू पाहायला खिशात भिंग घेऊन कोण येतं, हे तुम्ही मला विचारू नका. मी मणीला ओळखतो.

विनुताने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तिने सांध्याला नख लावलं आणि ते नाकाशी नेलं. आणि मित्रांनो, ती मराठीत चिडली. तमिळ लोकांनाही सगळं कळलं.

"चंदन! वर्षभर! वर्षभर मी रोज माझेच थर मोजत बसले, की कुठला उलटा लागला, कुठे घाई केली! आणि सांध्यात चंदन!" ती सरांकडे वळली. "सर, सांधा तुटला नव्हता. सांधा तुम्ही लिंपलात."

"अगं, पूजेचं..."

"मी अर्धा तास मागितला होता. तुम्ही दिला नाहीत. माझ्यापेक्षा तुमच्या टिळ्याला जास्त कळतं, असं तुम्हाला वाटलं."

आयुष्यात पहिल्यांदाच सरांना भाषण सुचत नव्हतं. आत्याने सुंडलचा द्रोण खाली ठेवला.

"बरं, बोललीस," ती म्हणाली. "आता धू ते. बेगी."

"आत्ता? सगळ्यांसमोर?" सर कळवळले. "दशमीला टिळा पुसायचा?"

"कृष्णमूर्ती," आत्या म्हणाली, "माझ्या वीणेला आम्ही नवमीला कुंकू लावतो. लाकडाला. तारांना लावलं तर मी वाजवू काय, तुमचं डोकं?"

विनुता तिथेच जमिनीवर बसली. मणीने थेंबभर साधं पाणी सांध्यावर सोडलं. चंदन मऊ होईपर्यंत ती थांबली. मग बारीक ब्रशने कण न् कण काढला, कोऱ्या कागदाने पाणी टिपलं, आणि मला दिव्याच्या उबेत धरून ठेवलं. कुणी जागचं हललं नाही. मणीने चमकीचा कागद टराटरा फाडला. खालून पॉवरचा डबा निघाला, तारेसकट.

"याला चार्ज आहे?" विनुताने विचारलं.

"अक्का," मणी म्हणाला, "सजावट होती, पण मी दर सोमवारी तिला चार्ज करायचो."

विनुताने तार जोडली आणि मला पाचव्या पायरीवर ठेवलं. माझ्या पोटात वीज आली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी नाही, माझं काय! पण मी पुन्हा डावीकडे कललो असतो, तर ती बाई जन्मभर पट्टी दोनदा लावत बसली असती.

डावा पंख वाकला. उजवा वाकला. मग दोन्ही दिसेनासे झाले. मी पायरीवरून उठलो, चेट्टियारांच्या पागोट्याच्या वर, बाहुलीच्या डोळ्यांसमोर, आणि जिथल्या तिथे थांबलो. माझ्या वाऱ्याने बाहुलीची मान हलू लागली. दालनातल्या सगळ्या माणसांनी श्वास रोखून धरला होता. विनुताने या वेळी थर मोजले नाहीत. ती नुसती बघत होती, आणि तोंडावर हात ठेवून रडत होती.

थर बरोबर होते. पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

मी खाली उतरलो. सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या असतील? ओळखा. सरांनीच. "पाहिलंत!" ते सर्वांकडे वळून म्हणाले. "पाहिलंत पूजेचं फळ! उद्याच खोली उघडतो! शाली हलवा, मणी! विनुता, पाहुण्यांना मी स्वतः फोन करतो!" आणि आनंदाच्या भरात त्यांनी खाली ठेवलेली कुंकवाची डबी उचलली आणि करंगळी पुढे केली.

विनुताने ती डबी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि झाकण लावलं. खटकन आवाज झाला. त्या आवाजाइतकं गोड गाणं त्या संध्याकाळी आत्यानेही म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, खोली खरंच उघडली. पाहुणे पुन्हा आले, या वेळी त्यांना कॉफी टेबलापासून लांब दिली. विनुताचं काम चालू आहे. माझी धाकटी भावंडं माझ्याहून हलकी आहेत आणि त्यांची तार माझ्याहून लांब आहे. मी आता उडत नाही. त्या संध्याकाळनंतर मी बराच उडालो आणि माझ्या उजव्या पंखाची कड फाटली. ती उडून फाटली, त्याचा मला अभिमान आहे. मी विनुताच्या खणात कापसावर असतो. माझ्यावर पाटी नाही.

राग गेला का? नाही. एक संपूर्ण वर्ष गेलं, ते मला कुणी परत दिलं नाही. तिला तर मुळीच नाही. आणि सर अजूनही भाषणात सांगतात की किडा कुंकवाने उडाला.

म्हणून एक मागणं मागतो. कुणी नाजूक वस्तू घडवली असेल, तर तिच्याजवळ जाण्याआधी घडवणाऱ्याला विचारा. ती "हात लावू नका" म्हणाली, तर त्याचा अर्थ हात लावू नका एवढाच असतो, त्यात अपमान शोधू नका. तिने अर्धा तास मागितला तर द्या. आणि माझ्यासारख्यांपुढे हात जोडावेसेच वाटले, तर लांबून जोडा, मणीसारखे. जवळ यायचं असेल तर ते हात आधी धुऊन, पुसून, कोरडे करून या.